दिवे घाट, सेकंडहँड गाडी आणि क्लचचा वास

फुरसुंगीचा_बाईकवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत बसायचो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात घरात गाडी आली. सेकंडहँड, २०१८ ची, हजार सीसीची छोटी हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी, ४६ हजार किमी फिरलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत मायलेज मोठं की पत्रा जाड ह्यावर जुंपेल आणि माझा प्रश्न तसाच लटकेल. मी सतरा वर्षं बाईकवाला. लायसन दोन्हीचं आहे, क्लासवाल्याने एकवीस दिवस शिकवलं पण ते सगळं मगरपट्ट्याच्या सपाट रस्त्यावर आणि त्याच्या पायाखाली पण ब्रेक-क्लच होते, त्यामुळे खरी गाडी कोण चालवत होतं देव जाणे.

तर आईचं म्हणणं, गाडी आली की आधी जेजुरी. आणि त्यात रविवार, मला अक्कल असती तर वार बदलला असता. सातला निघायचं ते डबे, पिशव्या, नारळ, लिंबं करत साडेनऊ झाले. दिवे घाटात मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो त्याच्या जरा वर सगळं ठप्प. माझ्यापुढे एसटी, मागे रिकाम्या क्रेटनी भरलेला भाजीचा टेम्पो. मला वाटलं ह्यात काय, बाईकवर चढाला करतो तेच करू, क्लच अर्धा धरून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलत उभा राहिलो. पुढचा हलला की हातभर पुढे, थांबला की परत तोलायचं. सात-आठ मिनिटं हाच खेळ. एसी फुल, आत चार माणसं, डिकीत सीएनजीची टाकी आणि उरलेल्या जागेत आईचं सामान.

मग वास यायला लागला. आधी वाटलं एसटीचा असेल. जळकं रबर आणि करपलेली डाळ ह्यांच्या मधलं काहीतरी. बायको म्हणाली अहो हा आपलाच आहे. मी घाबरून क्लच पूर्ण दाबला तर गाडी मागे, ब्रेक मारला तर बंद, परत चालू केली, परत मागे. असं तीनदा. तिसऱ्या वेळी टेम्पोचं आणि आमचं अंतर वीतभर राहिलं असेल. क्लीनर पोरगा उडी मारून उतरला, मागच्या चाकाला दगड लावला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "दादा, हँडब्रेक कशाला दिलाय?" मागून आमची कन्या, "बाबा, तुम्ही मोबाईल ठेवता त्याच्या बाजूचा दांडा का?"

आई तोपर्यंत मांडीवरचं लिंबू घट्ट धरून येळकोट येळकोट म्हणत होती.

पोचलो, दर्शन झालं, येताना संध्याकाळी उशिरा निघालो म्हणून फार त्रास झाला नाही. पण आता माझे प्रश्न: १) क्लचप्लेट गेली का? ओळखायचं कसं? गॅरेजवाला म्हणतोय खोलून बघावं लागेल, दहा हजारांच्या आसपास धरून चाला. २) चढावर थांबलेली गाडी मागे न जाता काढायची कशी, एकदम बाळबोध भाषेत सांगा. हिल होल्ड (चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय) वगैरे गाडीत नाही. ३) बोनेटवर भंडारा उधळला तो एसी लावला की जाळीतून आत उडतोय, काल ऑफिसात पिवळं नाक घेऊन गेलो.

टूरिस्ट_अण्णा

बावीस वर्षं टूरिस्ट परमिटवर गाडी मारतोय त्यामुळे माझं थोडं कडक लागेल, राग मानू नका.

गाडी क्लचवर तोलून उभी करायची नसतेच. थांबलो, हँडब्रेक वर, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. एवढंच. लोक घाटात अर्धा तास डाव्या पायाने कसरत करतात आणि मग गाडीला नावं ठेवतात.

निघताना: हँडब्रेक ओढलेलाच. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर. आता क्लच सावकाश वर आणा, अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने. एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल आणि बोनेट नाक वर केल्यासारखं जरासं उचलेल. तिथे पाय थांबवा. तो पाय आता दगड. उजव्या पायाने थोडी रेस, मग हँडब्रेकचं बटण दाबून खाली सोडा, गाडी आपोआप पुढे सरकते. मग उरलेला क्लच सोडा आणि पाय पेडलवरून पूर्ण काढा. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती आजच मोडा, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारा भाग) खातं ते.

आणि पुढच्या गाडीच्या बुडाला जाऊन चिकटू नका. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतात एवढं अंतर ठेवा. पुढचा पण मागे येऊ शकतो ना, तो पण तुमच्यासारखाच नवा असेल.

उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची हुशारी करू नका. ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरायचं, इंजिन धरून ठेवतं, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतो आणि मग दाबला तरी धरत नाही.

बारामती_एक्सप्रेस

एवढ्याशा गाडीत चार माणसं, सीएनजी, वर एसी आणि दिवे घाट. क्लचप्लेटने राजीनामा दिला नाही हेच नशीब. थोडं थांबून मोठं इंजिन घ्यायचं होतं राव.

नटबोल्ट

बारामती, उगाच काय. हजार सीसीच्या गाड्या रोज दिवे घाट चढतात, आमच्या वडिलांची मारुती ८०० तर आठशेपेक्षाही थोडी कमी होती आणि पाच जण कोंबून आम्ही महाबळेश्वरला गेलोय, पसरणी घाटाने.

धागाकर्ते, तुमचा घोळ कुठे झाला ते सांगतो कारण मी पण बाईकवरूनच आलो आणि मी पण हेच केलं होतं. बाईकचा क्लच बहुतेक करून ऑइलमध्ये बुडालेला असतो, आत चार-पाच प्लेटा, घासल्या तरी ऑइल उष्णता घेऊन जातं. म्हणून बाईकवर अर्धा क्लच धरून ट्रॅफिकमध्ये रांगणं ही आपली निम्मी ड्रायव्हिंग स्टाईल असते आणि तिला काही होत नाही. गाडीचा क्लच कोरडा. एकच प्लेट, ती फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबून धरलेली. अर्धा दाबला की ती सटकत सटकत घासते आणि ती उष्णता जायला जागाच नाही. तुम्हाला आला तो वास त्या प्लेटच्या अस्तराचा. म्हणजे सतरा वर्षं डाव्या हाताने जे केलंत तेच डाव्या पायाने केलंत, बाकी काही नाही.

एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असं होत नाही. खोलायच्या आधी फुकटातली टेस्ट करा: सकाळी मोकळा सपाट रस्ता बघा, गाडी चौथ्या गिअरला ४० वर आणा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि वेग बरोबर वाढले तर प्लेट धरतेय, घरी जाऊन चहा प्या. आवाज भसकन वर गेला आणि गाडी मागे रेंगाळली तर स्लिप होतेय, मग खोला. आधी मला सांगायचं राहिलं, सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमीच पडते, घाट लागायच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर घ्या आणि चढावर गाडी दमतेय वाटलं तर एसी बंद. पंधरा मिनिटं घाम आला तर येऊ दे.

भंडाऱ्याचं: वायपरच्या खाली जी जाळी असते तिथूनच बाहेरची हवा आत जाते. तिथे ओंजळभर पडला असेल तो आधी व्हॅक्यूमने काढा (पाणी मारू नका, हळद आहे, चिखल होईल). मग ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो तो बघा, तुमच्या गाडीत असेल तर.

मीनल_धायरी

मी ४७ व्या वर्षी शिकले, त्यामुळे तुमची भीती अगदी कळली. माझा प्रॉब्लेम आमच्या सोसायटीचा रॅम्प. बेसमेंटमधून वर यायचं आणि बरोब्बर तोंडाशी सिक्युरिटीवाला गेट उघडायला वेळ लावतो, म्हणजे नाक वर करून उभी, मागे दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्या मोठ्या गाडीत हॉर्नवर हात ठेवून. मी दोन महिने रिक्षाने जायचे पण गाडी काढायचे नाही.

मग भावाने एक उपाय सांगितला तो देते. दुपारी दोन-अडीचला रॅम्पवर कोणी नसतं. मागच्या चाकापासून हातभर मागे मोठी वीट ठेवायची, आणि वीट आणि चाकाच्या मध्ये पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली आडवी. थांबा, हँडब्रेक, अण्णांनी सांगितलंय तसं निघा. बाटली कडकड वाजली की नापास. पहिल्या दिवशी मी पाच बाटल्या चेचल्या. चौथ्या दिवशी एक पण नाही. भाऊ बाजूला शेंगदाणे खात उभा होता, काही बोलला नाही, त्याचा मला फार उपयोग झाला. नवऱ्याला बरोबर घेऊ नका हे बायकांसाठी, तुम्ही मोठी माणसं कोणाला घेऊ नका ते तुम्ही ठरवा.

अजून एक, ॲक्सिलरेटरला हातच (म्हणजे पायच) न लावता सपाटावर नुसत्या क्लचने गाडी हलवायची सवय करा, दहा-वीस वेळा. तो पकडतो कुठे ते पायाला कळतं. प्रत्येक गाडीचं ते ठिकाण वेगळं, क्लासच्या गाडीचं तुमच्या उपयोगाचं नाही.

आणि मागे "शिकाऊ" असं पाठकोरं चिकटवा. लोक हॉर्न तेवढाच मारतात पण अंतर ठेवतात.

कागदी_घोडा

क्लचचं झालं असेल तर जरा रुक्ष बोलतो. सेकंडहँड आहे ना, महिना झाला म्हणता. आरसी तुमच्या नावावर झाली का? मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरून दिलेत का? आधीच्या मालकाचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५ पण. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला कायद्यात चौदा दिवस दिलेत, ते उलटून गेले असतील तर उद्याच फोन करा. टेम्पोचं आणि तुमचं अंतर वीतभर होतं, ते नसतं तर गाडीच्या नुकसानीच्या क्लेमला पहिला प्रश्न हाच आला असता की पॉलिसी कोणाच्या नावावर. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, एजंट काही म्हणो.

सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सहन करते का ती तपासणी) दर तीन वर्षांनी. २०१८ ची गाडी म्हणजे २०२१ आणि २०२४ ची झालेली असायला हवी, टाकीच्या पाटीवर तारीख बघा. पंपावरचा माणूस विचारेपर्यंत थांबू नका, तिथे दोनशे बारने गॅस भरतात, म्हणून तर सगळ्यांना खाली उतरवतात. फास्टॅग जुन्या मालकाचा असेल तर तो बंद करून स्वतःचा घ्या. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे त्यामुळे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागलीय का ते पण.

फुरसुंगीचा_बाईकवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही, एकत्रच.

नटबोल्ट, शनिवारी सकाळी साडेसहाला टेस्ट केली. चौथा, ४०, पूर्ण दाबला. आवाज आणि वेग बरोबर गेले. तीनदा केलं कारण पहिल्या दोनदा माझा माझ्यावर विश्वास नव्हता. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला बरं, मग वापरा, आणि लगेच व्हील अलाइनमेंटचं काढलं.

कागदी घोडा, तुम्ही माझी झोप घालवलीत. आरसीचं एजंटकडे दिलंय पण इन्शुरन्स अजून जुन्याच मालकाच्या नावावर होता, मला वाटलं आरसीबरोबर तो आपोआप होतो. सोमवारी कागद पाठवले. टाकीच्या पाटीवर २०२१ चा शिक्का आहे, पुढचा नाही, त्यामुळे टेस्ट होईपर्यंत गाडी पेट्रोलवर, खिशाला चटका बसतोय.

मीनलताई, बाटलीचा प्रयोग आमच्याकडे कन्येने ताब्यात घेतला. ती मागे उभी राहून मार्क देते (लांब, बाजूला उभी करतो, काळजी नको). पहिल्या दिवशी सहापैकी दोन. काल सहापैकी सहा, पण एकदा तिच्या मते "थोडी वाजली".

आणि अण्णा, आज पहाटे एकटाच दिवे घाटात गेलो. तलावाच्या वर, डाव्या बाजूला जागा बघून, इंडिकेटर देऊन मुद्दाम थांबलो. हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. पाय मोकळे ठेवून चढावर बसायला फार विचित्र वाटलं, बाईकवर एक पाय तरी जमिनीला असतो. मग पहिला, क्लच वर, आवाज जड झाला, आणि बोनेट खरंच उचललं हो, वीतभर नाही पण दोन बोटं. हँडब्रेक सोडला, गेली पुढे. वास नाही. पुढे सासवडला मिसळ खाल्ली आणि परत आलो, येताना तिसऱ्या गिअरला, मागचे शिव्या घालत ओव्हरटेक करत होते, करू दे.

फक्त भंडारा. जाळी साफ केली, फिल्टर काढून झटकला, तरी एसी दोनवर टाकला की अजून थोडा उडतोच. काय करू?

टूरिस्ट_अण्णा

माझ्या गाडीतनं तो तिसऱ्या पावसाळ्याला थांबला. तोवर पांढरा शर्ट घालू नका.