विषय: दुकानातून बंदूक घ्यायचीय – फॉर्म, बॅकग्राउंड चेक वगैरे

समीर:

नमस्कार मंडळी,

ग्रीन कार्ड होऊन आता आठ महिने झाले, ह्यूस्टनच्या बाहेर जरा मोकळ्यावर घर घेतलंय, मागे दीड एकर जागा आहे, रात्री रानडुकरं येऊन सगळं उकरून ठेवतात. त्यात गेल्या दिवाळीच्या आसपास आमच्याच रस्त्यावर आपल्यातल्याच एकांचं घर सोन्यासाठी फोडलं, तेव्हापासून बायकोला नीट झोप नाही. शेजारी म्हणतो सरळ दुकानात जा, ड्रायव्हिंग लायसन्स दाखव, अर्ध्या तासात रायफल घेऊन बाहेर. खरंच इतकं सोपं आहे का? ग्रीन कार्डवर चालतं का, कागद काय काय लागतात? आणि अजून एक, माझा मेव्हणा एच-वन-बीवर आहे, त्यालाही एक हवीय. दोन्ही माझ्या नावावर घेऊन एक त्याला दिली तर चालेल ना? पैसे तोच देईल.

माधवकाका:

समीर, तुझं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यात माणूस आत जातो. अजिबात करू नकोस. दुकानात जो फॉर्म भरायचा असतो, ए-टी-एफचा, म्हणजे बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा, ४४७३ नंबरचा, त्यात अगदी पहिल्यांदा विचारतात की खरा विकत घेणारा तूच आहेस का. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन तिथे हो लिहिलंस की ते खोटं झालं. व्हर्जिनियातल्या अब्राम्स्की नावाच्या एका माजी पोलिसाने पेन्सिल्वेनियातल्या स्वतःच्या काकासाठी पिस्तूल घेतलं, काकाने आधी ४०० डॉलरचा चेक पाठवलेला. काकाला स्वतःला बंदूक घ्यायची कायद्याने पूर्ण मुभा होती, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. तुझ्या मेव्हण्याला तर आत्ता मुभाच नाही, त्यामुळे स्वतःच्या पैशाने भेट म्हणूनसुद्धा देता येणार नाही. २०२२ च्या फेडरल कायद्यानंतर असं दुसऱ्यासाठी घेण्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुझं ग्रीन कार्ड नवीन आहे, सिटिझनशिप व्हायचीय, कशाला हात दाखवून अवलक्षण.

आता तुझं. ग्रीन कार्डवर चालतं. कायद्याची अडचण आहे ती नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना, म्हणजे एच-वन, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. फॉर्ममध्ये प्रश्न असा आहे की तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेले परदेशी आहात का, आणि इथे आपली माणसं हमखास अडकतात, कारण आपण सगळे आलोच मुळी एच-वनवर. पण तो प्रश्न तुझ्या आजच्या स्टेटसचा आहे, ग्रीन कार्ड झाल्यावर उत्तर नाही असंच. कार्ड बरोबर ने, त्यावरचा एलियन नंबर फॉर्मवर लिहावा लागतो.

ड्रायव्हिंग लायसन्सवर आत्ता राहतोस तोच पत्ता हवा. अपार्टमेंटचा जुना पत्ता असेल तर सरकारी कागद जोडीला लागतो, गाडीचं रजिस्ट्रेशन चालतं. विजेचं बिल चालत नाही.

नावाचं मात्र नीट ऐक, मी स्वतः भोगलंय. आपलं मधलं नाव वडिलांचं, आणि ते कुठे पूर्ण, कुठे नुसतं इनिशियल, कुठे पहिल्या नावालाच चिकटवलेलं. माझ्या लायसन्सवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं, मधलं नावच नसेल तर एन-एम-एन लिहायचं, नुसतं इनिशियल असेल तर त्यापुढे आय-ओ. पहिल्या वेळी मी एथ्निसिटीचा, म्हणजे हिस्पॅनिक आहात की नाही तो, चौकोन रिकामा सोडला, म्हटलं खाली वंशाच्या रकान्यात एशियनवर खूण केलीय ना, तर काउंटरवरच्या पोराने कागद उलटा फिरवून पुढ्यात ठेवला आणि त्या चौकोनावर बोट टेकवून उभा राहिला. दोन्ही भरावेच लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर द्यायची सक्ती नाही, पण दे, नाहीतर तुझ्यासारख्याच नावाच्या कुणाच्या तरी रेकॉर्डशी गल्लत होते.

मग दुकानदार फोनवर किंवा कॉम्प्युटरवर बॅकग्राउंड चेक टाकतो, तो एफ-बी-आयच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गच्या ऑफिसात जातो. हा चेक सक्तीचा करणारा ब्रेडी कायदा १९९३ चा, पण ही सिस्टीम सुरू झाली १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये. उत्तर तीनपैकी एक: प्रोसीड म्हणजे द्या, डिले म्हणजे थांबा, किंवा डिनाय म्हणजे देऊ नका. सिटिझन नसलेल्यांचं इमिग्रेशनकडेही तपासतात म्हणून डिले आला तर घाबरू नकोस. तीन वर्किंग डेजमध्ये उत्तर आलं नाही तर फेडरल कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो, पण द्यायलाच पाहिजे असं नाही. मला विचारशील तर तू उत्तर येईपर्यंत थांब. २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये गोळीबारात नऊ माणसं गेली, ती बंदूक अशीच तीन दिवस उलटल्यावर दिली गेलेली, आणि ती द्यायला नको होती हे एफ-बी-आयने नंतर कबूल केलं. त्यानंतर माझं मत पक्कं झालंय, चार दिवस जास्त गेले तर आपलं काही बिघडत नाही.

मला दर वेळी डिलेच यायचा. शेवटी एफ-बी-आयच्या व्हॉलंटरी अपील फाइलला अर्ज केला, बोटांचे ठसे पाठवले, मग यू-पी-आय-एन नावाचा नंबर मिळाला. तो फॉर्मवर लिहिला की मी माझ्यासारख्याच नावाचा तो दुसरा माणूस नाही हे त्यांना लगेच कळतं. तुला डिले किंवा डिनाय आलं तर ट्रान्झॅक्शन नंबर मागून घे, पुढे अपील करायला तोच लागतो.

हे सगळं टेक्ससचं. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून परमिट, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबणं, इलिनॉयला वेगळंच कार्ड, तेव्हा तिकडच्या भावाचं ऐकून इकडे जाऊ नकोस.

वैशाली:

माधवकाकांनी बाकी सगळं सांगितलंय, पण समीर, मेव्हण्याला रेंजवरही असंच नेऊ नकोस. ऑफिसची टीम आउटिंगला शूटिंग रेंजवर जाते आणि आपली एच-वनची मुलं हौसेने भाड्याची बंदूक हातात घेतात, कुणी सांगतच नाही की त्यांच्यासाठी नुसती हातात घेणं हासुद्धा गुन्हा धरला जातो. त्याला सूट आहे ती इथल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर, आणि टेक्ससचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, ते लक्षात ठेवायला सांग त्याला.

आणि रेंजवर नेलेली बॅग परत प्रवासाला वापरू नका. कुणीच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या बॅकपॅकच्या आतल्या कप्प्यात एक काडतूस राहिलं, बोटाच्या पेराएवढं, आणि ते सापडलं मुंबईहून परत निघताना. इकडे ती क्षुल्लक गोष्ट वाटते, तिकडे आर्म्स ॲक्टची केस होते. बहिणीच्या लग्नाला गेलेला मुलगा वकील शोधत फिरला, आई-वडिलांचे हाल बघवत नव्हते.

अजून एक, घरात तुझी दोन लहान मुलं आहेत. टेक्ससमध्ये १७ च्या आतल्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर बापावर केस होते. आधी सेफ घे, मग बंदूक.

समीर:

काका, वैशालीताई, मनापासून आभार. मेव्हण्याला तुमचे दोन्ही मेल वाचून दाखवले, बराच वेळ गप्पच होता, मग म्हणाला बरं झालं विचारलंस. त्याने हंटिंग लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनच्या क्लासला नाव घातलंय.

मी शनिवारी गेलो होतो. लायसन्सवर जुनाच पत्ता निघाला, गाडीचं रजिस्ट्रेशन ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं म्हणून निभावलं. मधलं नाव पूर्ण लिहिलं, ग्रीन कार्डावर आहे तसंच. चेक टाकला आणि वीस मिनिटांत डिले. शुक्रवारी दुकानातून फोन आला की तीन दिवस झाले, हवी तर घेऊन जा, मी म्हटलं उत्तर येऊ दे. पुढच्या मंगळवारी प्रोसीड आलं. सेफ त्याच्या आदल्या दिवशीच बसवून झाली होती, कपाटाच्या आत भिंतीला बोल्ट मारून.