ड्रोनवाला ठरवताना परवान्याशिवाय काय बघायचं?

बांधावरचा: सोयाबीन १२ एकर, ओळी दाटून आल्यात, आत शिरता येत नाही. अळीसाठी ड्रोनने फवारणी करायची आहे. ऑपरेटरकडे पायलटचा परवाना आहे, ड्रोनची नोंदणीही आहे. एकरी १० लिटर पाणी, ५ मिनिटांत एकर, असं म्हणतो. पाठीवरच्या पंपाला एकरी २०० लिटर लागतं. मग १० लिटरमध्ये औषध किती? शेजारी भाजीपाला आहे, तोही विचार आहे.

नॉझल: डोस एकराचा असतो, पाण्याचा नाही. लेबलवर एकरी ६० मिली असेल तर १० लिटरमध्ये तेच ६० मिली. '१५ लिटरच्या पंपाला इतकं' हा हिशेब इथे लावलात तर एकराला औषध नावालाच पडेल. पण द्रावण २० पट घट्ट होतं, म्हणून तीन-चार औषधांची खिचडी करू नका, पानं करपतात. कमी पाण्यात वापरायला लेबलची परवानगी आहे ना, ते आधी वाचा.

त्याच्या ५ मिनिटांचा हिशेब बसतो. एका फेरीत भिजणारा पट्टा ४ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर, तर एकराला सव्वाचार मिनिटं, वर वळणं. सगळ्या नॉझलमधून (फवारा सोडणाऱ्या तोंडांतून) मिळून मिनिटाला २.४ लिटर यायला हवं. वेग ६ वर नेला तर ३.६ लिटर लागेल. पंप तेवढं देत नसेल तर पाणी कमी पडतं आणि लांबून कळतही नाही. ड्रोन जमिनीवर असतानाच साध्या पाण्याने प्रत्येक नॉझल मिनिटभर मापात धरायला सांगा. एखादं १० टक्क्यांहून जास्त मागेपुढे असेल तर साफ करा, नाहीतर बदला. टाळाटाळ करणारा माणूस नको.

पिवळा कागद: परवाना उडवण्याचा असतो, फवारण्याचा नाही. कीटकनाशक हाताळायची परवानगी काही ठिकाणी वेगळी लागते, ती विचारा. औषध उडून शेजारच्या पिकाचं नुकसान झालं तर ऑपरेटरचा विमा चालतो का, तेही लेखी घ्या.

पाण्याने निळा पडणारा पिवळा कागद मिळतो. चिमट्याने एक शेंड्याच्या पानाला, एक मधल्या आणि एक खालच्या पानाला लावा आणि नुसत्या पाण्याचा एक फेरा मारून घ्या. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरला २०-३० ठिपके पुरतात. दाट सोयाबीनमध्ये वरचा कागद निळाशार आणि खालचा जवळपास कोरा, हे नेहमीचं. अळी खालच्या पानांवर असेल तर पाणी वाढवा, वेग कमी करा. उंची पिकापासून २ ते ३ मीटर. ड्रोन त्याहून वर गेला की थेंब वाऱ्यावर जातात, फार खाली आला की पट्टा अरुंद होऊन मध्ये कोऱ्या ओळी राहतात.

बांधावरचा: मग पहाटे वारा पडलेला असताना उरकावं का? भाजीपाल्यालाही बरं.

नॉझल: अगदी निवांत पहाटही नको! जमिनीलगत थंड हवा, वर गरम, अशा वेळी बारीक थेंब खाली न बसता धुक्यासारखे तरंगत कुठेही जातात. ऊन आल्यावर हलका, एकाच दिशेचा वारा असेल तेव्हा, आणि तोही भाजीपाल्याकडून तुमच्याकडे वाहत असेल तेव्हा. सेकंदाला ३ मीटरच्या वर गेला की थांबवा. भाजीपाल्याकडची कड सोडून द्या, ती पाठीवरच्या पंपाने मारा. याच ड्रोनने आधी तणनाशक मारलं असेल तर टाकी, नळ्या, जाळी धुतली का, विचारा. सोयाबीन फुलावर असेल तर मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी.

पिवळा कागद: मिसळताना अर्धं पाणी, मग भुकटी, ती पूर्ण विरघळल्यावर दाट द्रव, तेलकट औषध शेवटी. उलटं केलं की गाठी होतात आणि जाळी तुंबते. आधी बरणीत थोडं करून अर्धा तास ठेवून बघा, खाली साका बसला तर ते मिश्रण टाकीत नको. विजेच्या तारा, विहिरीवरची केबल, झाडं ऑपरेटरला स्वतः चालून दाखवा. पैसे देण्याआधी उड्डाणाची नोंद मागा: क्षेत्र किती, लिटर किती. १२ एकराला १२० लिटरच्या आसपास यायला हवं.