काउंटी बरखास्त झाली, खालसा झाली की मोडली?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. इंग्लंडमधली मिडलसेक्स काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १ एप्रिल १९६५ ला कायद्याने संपली, असा त्यात उल्लेख आहे. मी ‘बरखास्त झाली’ लिहिलंय, पण खटकतंय. ‘खालसा झाली’ म्हणावं का?

प्रतिसाद: ‘खालसा’ अजिबात नको. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं म्हणजे गादी गेली आणि मुलूख कंपनीच्या घशात गेला. मिडलसेक्समध्ये गादीच नव्हती. लंडन चहूकडे पसरलं होतं, म्हणून १९६३ च्या कायद्याने कारभाराची फेररचना झाली, एवढंच.

‘बरखास्त’ खटकतं ते बरोबरच आहे. मुळात फारसी शब्द, अर्थ ‘उठलेला’. दरबार बरखास्त होतो तो पुन्हा भरण्यासाठी. आपल्याकडे नगरपालिका बरखास्त झाली की प्रशासक येतो, पुढे निवडणूक होते, नगरपालिका असतेच. मिडलसेक्सची काउंटी परिषद १८८९ पासून होती, ती उठली ती कायमची.

प्रश्नकर्ती: मग ‘विलीन’?

प्रतिसाद: विलीन झालं ते रटलंड. १९७४ मध्ये ते चिमुकलं रटलंड अख्खंच्या अख्खं लेस्टरशायरमध्ये गेलं (आणि १९९७ मध्ये पुन्हा वेगळं झालं, याचा मला फार आनंद वाटतो). मिडलसेक्सची वाटणी झाली. बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये, स्टेन्स आणि सनबरी सरेकडे, पॉटर्स बार हर्टफर्डशायरकडे. म्हणून मी ‘मोडली’ म्हणेन. बाजार मोडतो, सभा मोडते, तेव्हा माणसं असतातच, फक्त पांगतात.

आणखी एक प्रतिसाद: शब्द आवडला, पण काय मोडलं तेही लिहा. मिडलसेक्सचा क्रिकेट क्लब १८६४ चा, तो आजही त्याच नावाने खेळतो. त्याचं घरचं मैदान लॉर्ड्स. तो भाग तर १८८९ मध्येच लंडन काउंटीत गेला होता! पत्त्यांतही लोक पुढे कित्येक वर्षं ‘मिडलसेक्स’ लिहीत राहिले. नुसतं ‘मिडलसेक्स मोडलं’ म्हटलंत तर या लोकांवर अन्याय होईल.

प्रश्नकर्ती: पटलं. आता असं लिहिलंय: ‘१९६५ मध्ये मिडलसेक्सची काउंटी परिषद मोडली आणि तिचा मुलूख शेजाऱ्यांत वाटला गेला.’ ‘शेजाऱ्यांत’ ठेवू ना?

प्रतिसाद: ठेवा. ग्रेटर लंडन मात्र त्याच दिवशी जन्मलं, त्याला शेजारी म्हणता येणार नाही. त्याचं नाव वेगळं घाला.