तुमच्या घराजवळची घळ: कधी आत शिरलात का?

मंडळी, माझं माहेर माण तालुक्यातलं. सातारा म्हटलं की लोकांना कास आणि महाबळेश्वर दिसतं. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि आमच्याकडं ५०० झाला तरी साल बरं गेलं म्हणतात.

मे महिन्यात गेले होते. भाचा मोबाइलवर अमेरिकेच्या वाळवंटातल्या अरुंद घळीचे फोटो दाखवत बसला होता. केशरी भिंती, वरून उन्हाची तिरीप. म्हणाला, "आत्या, आपल्याकडं असलं कुठंय?" भाऊ भाकरी मोडता मोडता म्हणाला, "हाय की. वरच्या शिवारात."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ज्या ओढ्यात लहानपणी धुणं धुतलं, त्याचा वरचा भाग मी चाळीस वर्षांत पाहिलाच नव्हता! जेमतेम शंभर पावलांची फट. दोन्ही हात पसरले की दोन्ही तळवे भिंतींना टेकतात. काळा कातळ, मध्येच विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. तळाला कळशी बसेल एवढे गोल खळगे, त्यात गुळगुळीत गोटे. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन आणि आत भिंत गार.

तोंडाशी एक मेंढपाळ तात्या बसले होते. ते एवढंच म्हणाले, "वरच्या अंगाला आभाळ भरलं असंल तर आत पाय घालू नगा." आभाळ निरभ्र होतं, आम्ही हसलो. मग भाच्यानं वर बोट दाखवलं. माझ्या डोक्यापासून आणखी हातभर वर, कातळाच्या चिरेत कडब्याच्या काड्यांचा बोळा आणि एक निळी स्लीपर अडकलेली होती. तिथवर पाणी आलं होतं, दुसरं काय!

तर लिहा. तुमच्या गावाजवळची घळ, नाळ, ओघळ काहीही चालेल. मोठी असायलाच हवी असं नाही.

सांगलीचा, सध्या ॲरिझोनात

ताई, तुमच्या भाच्यानं दाखवले ते फोटो बहुधा आमच्याकडच्या अँटिलोप कॅन्यनचे असणार. पेज गावाजवळ, नावाहो लोकांच्या जमिनीवर. घरापासून गाडीनं चार-साडेचार तास, म्हणजे इथल्या हिशेबात शेजारीच. गाइडशिवाय आत सोडत नाहीत. वरच्या भागात सपाट चालत जायचं, खालच्या भागात लोखंडी शिड्या उतरायच्या. दगड वाळूचा, त्यामुळं पाण्यानं कुंभाराच्या चाकावर फिरवल्यासारखा घासलाय. आपला कातळ तसा वळत नाही, तो चिरांमधून फुटतो आणि ढलपे पडतात. वरच्या भागाच्या नावाहो नावाचा अर्थ 'खडकांतून पाणी वाहतं ती जागा'.

तात्यांचं वाक्य वाचून काटा आला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या भागात ११ पर्यटक वाहून गेले. घळीवर पाऊस नावालाच होता, वादळ कितीतरी मैल वर झालं होतं. वाळवंटातली जमीन पाणी पिईल असं वाटतं, पण उघडा खडक आणि वाळून टणक झालेली माती काही पीत नाही. सगळं एकदम फटीत येतं. आधी शिड्या लाकडी होत्या, त्यानंतर त्या जमिनीला घट्ट बसवलेल्या केल्या. आमच्या गाइड बाईंनी हे सगळं चालता चालता, अगदी साध्या आवाजात सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं आमच्या गटात फोटोसुद्धा कुणी काढला नाही.

चाफळकर आजोबा

घळ म्हटल्यावर समर्थांच्या घळी कुणी कशा काढल्या नाहीत? हेळवाकची रामघळ, चाफळजवळची तोंडोशीची घळ. पण एक खुलासा करतो. या घळी म्हणजे कड्याखालच्या कपारी, वरून पाणी पडणाऱ्या. तुम्ही म्हणता तशी दोन भिंतींमधली फट नव्हे. भूगोलाच्या पुस्तकात तिला घळई म्हणत. आमच्या बोलण्यात मात्र दोन्हींना घळच. हेळवाकला पावसाळ्यात गेलात तर जळवांसाठी मीठ न्या. मी नेलं नव्हतं.

विट्याची

शुकाचार्यला जाऊन या. खानापूर तालुक्यात, बाणूरगडाच्या वाटेवर. सगळं माळरान, बोडके डोंगर, आणि अचानक घळीत उतरल्यावर झाडी आणि माकडं. रंभेला टाळायला शुकमुनी कड्यातच शिरले, अशी कथा. आमच्या आजी सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "पुरुष माणूस पळतो कसा ते बघा."

कराडचा ट्रेकर

माझा अनुभव बाकीच्यांसारखा गोड नाही. एका घळीत (जागा सांगत नाही, गर्दी होईल) मित्रानं आवाज घुमतो का बघायला शिट्टी मारली आणि अंगावर अत्तराचा घमघमाट. वर आग्या मोहोळ. अरुंद जागेत पळताही येत नाही, एकामागे एक कोंडलेले. मला अकरा डंख, त्याला मोजता आले नाहीत. दवाखान्यात दोन दिवस. तेव्हापासून नियम एकच: आत शिरण्याआधी मान वर करून पाच मिनिटं कडा बघायचा. आणि सांदण दरीला जायचं म्हणत असाल, तर पावसाळ्यात अजिबात नको. अहिल्यानगरच्या साम्रदला आहे ती, आपल्यापासून लांब, पण फट म्हणावी तर तशी.

आटपाडीचा

आमच्याकडं फक्त माणगंगेच्या ओघळी. पण पाणी आलं की बघायला अख्खं गाव काठावर. बास, एवढाच अनुभव.

धागा काढणारी, पुन्हा

इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. कराडच्या भाऊंना: हो, मान वर करून बघितलं, मोहोळ नाही, पारव्यांची घरटी आहेत. आजोबा, खुलासा पटला.

परवा भावाचा फोन होता. हस्ताचा पाऊस वर डोंगरात झाला, आमच्या शिवारात ढेकूळसुद्धा भिजलं नाही, तरी ओढा दोन तास गढूळ वाहत होता. उतरल्यावर भाचा बघून आला. स्लीपर आहे तिथंच आहे. तिच्या हातभर खाली आता एक घमेलं अडकलंय, आणि ते आमचंच आहे म्हणे.