तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरात 'अभ्यासक्रम' हवाच कशाला?

मेजपट्टी

पाळणाघरांच्या माहितीपत्रकात हल्ली उपक्रम आधी येतात आणि सांभाळ शेवटच्या पानावर. सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी अक्षरं. माझं मत: तीन वर्षांखालच्या मुलांना वेगळा अभ्यासक्रम नकोच. भरवणं, लंगोट बदलणं, हात धुणं, झोपवणं यातच त्यांचं शिक्षण होतं. ते नीट होतंय का, हे घड्याळ लावून तपासता येतं.

९ तासांचा दिवस म्हणजे ५४० मिनिटं. वर्षाच्या आतल्या बाळाचा लंगोट तेवढ्या वेळात ४ वेळा तरी बदलावा लागतो. घाई न करता, हात धुण्यासकट ६ मिनिटं धरा. दूध किंवा भरवणं ३ वेळा, प्रत्येकी २० मिनिटं. एका बाळाची ८४ मिनिटं झाली. एका ताईकडे ४ बाळं असली तर ३३६; उरलेल्या वेळात झोपवणं, पुसणं, रडणाऱ्याला उचलणं जेमतेम बसतं. ८ बाळं दिली तर ६७२. दिवसच पुरत नाही! मग बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जाते (ठसका लागण्याचा धोका इथेच), लंगोट ओले झाले की नव्हे तर ठरल्या वेळी ओळीने बदलले जातात, रांगतं मूल खुर्चीत अडकवून ठेवलं जातं. ताई वाईट असते म्हणून हे होत नाही. अशा खोलीत भिंतीवर फळांची चित्रं लावली काय, न लावली काय.

बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये सुरू केलेल्या बालगृहात हेच तत्त्व होतं: मुलाच्या अंगाला हात लागलेला असताना लक्ष पूर्ण त्याच्याकडे. "आता पाय उचलते" म्हणायचं, थांबायचं, बाळाने प्रतिसाद दिला की पुढे जायचं. मंगळवारच्या त्रिकोणापेक्षा मूल यातून जास्त शिकतं.

पाटीवरची_रेघ

हिशोब मान्य, निष्कर्ष अमान्य.

एका ताईकडे चारच बाळं असलेल्या खोलीतही दिवसभर काय कानावर पडतं ते ऐका. "बस." "नको." "तोंड उघड." "चल लवकर." लंगोट चार वेळा बदलला, चारही वेळा मुकाट्याने. मिनिटं मिळाली म्हणून संवाद आपोआप होत नाही, तो आखावा लागतो. पंधरवड्याला ३ पुस्तकं, तीच ती, पुन्हा पुन्हा. प्रत्येकातले ५-६ शब्द आधीच ठरवायचे आणि जेवताना, हात धुताना, बाहेर जाताना मुद्दाम वापरायचे. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजायचं. दीड वर्षाच्या मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. मोठी माणसं तेवढा धीर न धरता स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात.

बसू लागलेल्या बाळांसाठी एलिनॉर गोल्डश्मीड यांची 'खजिन्याची टोपली' घ्या: लाकडी चमचा, धातूची गाळणी, ब्रश, मोठा शंख, कापडाचा चेंडू. वजन, पोत, थंडपणा सगळं वेगळं. पण ही टोपलीसुद्धा आखणीच आहे. प्रत्येक वस्तू सुमारे ३.२ सेंमी व्यासाच्या नळीत टाकून पाहायची. आत गेली की बाद. तडा गेलेलं, कुसळ निघालेलं काढायचं, वापरानंतर धुवायचं. ताईने शेजारी बसायचं, पण हातात काही द्यायचं नाही. 'सांभाळ हाच अभ्यासक्रम' म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी मात्र वर्षभर तीच चार प्लॅस्टिकची खेळणी फिरत असतात.

शिवाय आखणी नाही तिथे निरीक्षणाची नोंदही नसते. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. हे लिहिलेलं असलं तर वेळेत कानांची तपासणी होते. एरवी असं मूल "किती गुणी, काही त्रास नाही" यात खपून जातं.

उंबरा

दोघंही ताई आणि मुलांचं गुणोत्तर दिवसभर एकच असतं असं धरून चालला आहात. कागदावर १:४ असतं, कारण हजेरीपटावरची मुलं भागिले पगारपत्रकावरची माणसं. त्यात स्वयंपाकाच्या बाई असतात, दारावरच्या असतात, कधीकधी संचालिकाही. खरा आकडा तीन वेळी मोजावा: उघडल्यानंतरचा पहिला तास, ताया आळीपाळीने जेवतात ती दुपार आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास. संध्याकाळी वेगवेगळ्या वयाची मुलं एका खोलीत गोळा करतात, तेव्हा रांगणाऱ्या बाळाच्या हाताशी मोठ्या मुलांचे मणी येतात.

गटाचा आकारही पाहावा. ८ बाळं-२ ताया आणि २० बाळं-५ ताया, गुणोत्तर एकच. पण दुसऱ्या खोलीत एक रडला की साखळी लागते आणि कुठलं बाळ कुणाचं हेच उरत नाही. लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या NAEYC या संस्थेच्या निकषांत म्हणूनच १:४ सोबत 'गटात जास्तीत जास्त ८ बाळं' अशी अट आहे. इंग्लंडने सप्टेंबर २०२३ पासून दोन वर्षांच्या मुलांसाठी १:४ ऐवजी १:५ चालेल असं केलं. मेजपट्टींचा हिशोब त्या एका मुलाने किती बिघडतो ते मांडून बघा.

रांगोबा

संवाद, टोपली सगळं ठीक. लंगोट बदलण्याच्या जागेबद्दल कुणीच बोलत नाही, आणि जुलाबाची साथ तिथूनच खोलीभर पसरते. सामान आधी काढून ठेवायचं, मग बाळ उचलायचं. एक हात सतत बाळावर. पुसायचं पुढून मागे. घाण लंगोट पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात. मग बाळाचे हात धुवायचे (हे हमखास राहतं), मग गादी आधी साबणाने स्वच्छ करायची आणि त्यानंतर जंतुनाशक, लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्यायचं. शेवटी ताईने साबणाने २० सेकंद हात धुवायचे.

चूक जवळजवळ ठरलेली असते: मळावरच जंतुनाशक फवारून लगेच पुसून घेणं. मळामुळे जंतुनाशकातलं क्लोरीन तिथेच खर्ची पडतं, जंतू राहतात. दुसरी चूक, बाटल्या धुवायला आणि लंगोटानंतर हात धुवायला एकच बेसिन.

झोपेचं थोडक्यात: वर्षाखालचं बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलई नाही. पडदे इतके बंद नकोत की ओठांचा रंग दिसणार नाही.

सावळा_गोंधळ

रेघताई, नोंदींबद्दल असहमत! आज नोंद म्हणजे फोटो. १२ मुलं, प्रत्येकाचे ३ फोटो, खाली एक ओळ. एका फोटोला २ मिनिटं धरली तरी ७२ मिनिटं एक ताई मोबाइलवर. मेजपट्टींच्या हिशोबात जवळजवळ एका बाळाचा अख्खा दिवस. वर मुलाला खेळातून उठवून "इकडे बघ" करायचं. लिहायचं ते एवढंच: किती प्यायलं आणि केव्हा, झोप, शी-शू, औषध, लागलं-खरचटलं. बाकी नेताना तोंडी.

पाटीवरची_रेघ

@सावळा_गोंधळ, फोटो म्हणजे निरीक्षण नव्हे, हे तर मीही म्हणते. आठवड्याला प्रत्येक मुलाबद्दल ४ ओळी, त्याही त्याच्या ठरलेल्या ताईनेच. चावण्याचंच घ्या. एक ते दोन वर्षांच्या गटात चावणं नेहमीचंच. ओरडून थांबत नाही. कधी, कुठे, आधी काय चाललं होतं हे दोन आठवडे लिहा. बहुतेक वेळा गाठ सापडते: जेवणाआधीची वाट बघण्याची रांग, नाहीतर एकच लाल गाडी आणि तीन मुलं. रांग मोडा, तशाच गाड्या तीन आणा. ही आखणी नाही तर काय?

मेजपट्टी

याला अभ्यासक्रम म्हणत असाल तर भांडण उरत नाही. पण पालकांना विकलं जातं ते हे नाही. विकली जाते वर्कशीट. अडीच वर्षांच्या मुलाची पेन्सिलवर बोटांची पकडच बसलेली नसते. ताई त्याचा हात धरून रेषेत रंग भरते आणि कागद मुलाच्या नावाने घरी जातो. तेवढा वेळ त्याला ओलं फडकं पिळू द्या, बादलीने पाणी वाहू द्या. हाताला ताकद त्यातून येते.

ठरलेल्या ताईचं म्हणाल, तर ती टिकली पाहिजे. दर तीन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर तुमच्या चार ओळी कोण लिहिणार आणि वाचणार कोण?

पाटीवरची_रेघ

तेच उलट बाजूने. माणूस बदलतो तिथेच लेखी आखणी जास्त लागते. नव्या ताईला पहिल्याच दिवशी कळायला हवं की हे बाळ डाव्या खांद्यावर झोपतं, आणि सध्या त्याला "अजून" हा शब्द शिकवणं चालू आहे.

उंबरा

आणि तो कागद वाचायला जुन्या ताईबरोबर निदान दोन दिवस एकत्र मिळायला हवेत. त्या दोन दिवसांचे दोन पगार द्यायची चालकांची तयारी आहे का, हे प्रवेश घेताना विचारा.