पुणे-गोवा राइड : गिअर आधी, फ्रेम मग

मदतनिधीसाठी सायकलवर पुण्याहून आंबोलीमार्गे गोवा गाठायचंय, रोड बाईक (खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची सायकल) घेऊ की हायब्रिड (सरळ दांडीची), असं तुम्ही विचारलंय. रोड बाईकच घ्या, फक्त ३२ मिमीचा टायर बसतो ना ते दुकानात बघून घ्या. ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या जागा बदलता येतात. सरळ दांडीवर काही तासांनी तळवे बधिर होतात. कार्बनच्या फ्रेमच्या नादी लागू नका.

खरं बघायचं ते गिअर. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठीही ३४ ची असली, की पेडलच्या एका फेरीत चाक एकदाच फिरतं. खंबाटकी घाटाच्या चढात हे फार सोयीचं पडतं. आंबोली घाट तुम्हाला उतरायचाय. तिथे ब्रेक सतत आवळून धरू नका, थांबून थांबून दाबा, नाहीतर चाकाची रिम, किंवा डिस्क ब्रेक असेल तर डिस्क, तापते.

सरावात एकाच दिवशी शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा शनिवारी ८० आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा ६० करा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आणि देणगीची रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या नाही.