गिरण्यांचं काही जपलंय का सोलापुरात?

धोटा_मुरारजीपेठ:
उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला होतो. मिसिसिपीच्या काठी ती मला एक पडकी गिरणी दाखवायला घेऊन गेली. म्हटलं, पडकी गिरणी बघायला विमानात बसायचं होय? पण बघून गप्प झालो. वॉशबर्न ए मिल, पिठाची. 1878 मध्ये पिठाच्या धुळीनं स्फोट होऊन 18 माणसं गेली. परत बांधली. 1991 मध्ये आग लागली, तरी पाडली नाही. करपलेल्या भिंती तशाच ठेवून आत 2003 मध्ये संग्रहालय केलं. मालाच्या लिफ्टमध्ये बसवून मजल्यामजल्यावर जुन्या कामगारांचे आवाज ऐकवतात. मला मात्र आमच्या गिरणीतलं साचेखातंच, म्हणजे मागांचं खातंच ऐकू येत होतं. लहानपणी वडिलांचा डबा द्यायला गेलो, की कानात बोटं घालून उभा राहायचो.

आपली जुनी मिल, कापडाची, 1877 ची, म्हणजे त्यांच्याच वयाची. वडिलांचा धोटा (मागावर आडवा धागा नेणारा) आणि हजेरीचं कार्ड माझ्याकडे आहे. द्यायचं कुणाला?

बाळीवेसकर:
मालक, भंगारात तेवढं घालू नका! तिकडं नोंदलेली जुनी इमारत नीट दुरुस्त करून धंद्याला वापरली, तर खर्चाच्या 20 टक्के सूट केंद्राच्या करात मिळते. आपल्याकडं पाडण्यातच फायदा दिसतो. आपलं इंद्रभुवन बघा. वारद घराण्यानं वाडा म्हणून बांधलं, महापालिकेचं ऑफिस त्यात आलं, रोज माणसांची ये-जा राहिली, म्हणून टिकलं. कुलूप लागलं की वाडा संपला.

चाळ_नंबर_तीन:
काय बे, तिकडच्या गिरण्यांत आता महागडे फ्लॅट झालेत. पिठाची पोती उचलणाऱ्याचा नातू राहतो का तिथं? आमच्याकडं भोंगा बंद झाला आणि घरातली चूलच थंडावली. भिंती जपून काय करू?

धोटा_मुरारजीपेठ:
खरं आहे. फ्लॅटचं मीही विचारलं, मुलगी हसली. पण तिथलाच 1883 चा रेल्वेचा दगडी पूल 1994 पासून पायी चालणाऱ्यांना मोकळा आहे, त्याला तिकीट नाही. संध्याकाळी म्हातारी माणसं काठी टेकत येतात.

भिंतींचं राहू दे. शेजारी वडिलांबरोबरचे एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेत, त्यामुळे बोलतात ते गल्लीला ऐकू जातं. रविवारी मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करतो. तुमच्या चाळीत कुणी असेल तर सांगा, धोटा घेऊनच येतो.

चाळ_नंबर_तीन:
आमची आजी हाय. कांडीखात्यात होती, कांड्यांवर सूत भरायची. दुपारी तीननंतर या, आधी झोपती.